रेणूंचा पत्ता: पेशीच्या आत, जागच्या जागी पाहण्याची गोष्ट



समजा, तुमच्या एका हातात एखाद्या माणसाचा पासपोर्ट साइजचा फोटो आहे. नाक, डोळे, कपाळावरची खूण, सगळं स्वच्छ दिसतंय. पण हा माणूस राहतो कुठे, कामाला कुठे जातो, त्याच्या शेजारी कोण बसतं, हे त्या फोटोवरून कळत नाही. दुसऱ्या हातात शहराचा नकाशा आहे. त्यावर एका पेठेत लाल ठिपका आहे. माणूस इथे कुठेतरी आहे एवढं समजतं, पण चेहरा दिसत नाही.

पेशीचा अभ्यास करणाऱ्यांची अवस्था बरीच दशकं अशी होती. प्रथिनांचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण टाकले की रेणूचा चेहरा मिळायचा, पण त्यासाठी तो रेणू पेशी फोडून बाहेर काढावा लागायचा. पत्ता हरवायचा. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली रेणूला चमकणारा रंग जोडला की पत्ता मिळायचा, पण साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसायचं नाही. आणि पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, म्हणजे रायबोसोम, जेमतेम २५ ते ३० नॅनोमीटरचं. चेहरा आणि पत्ता एकाच चित्रात कसे मिळाले, तो इतिहास आज पाहू. आणि त्यात आपण दोनदा फसता फसता कसे वाचलो, तेही पाहू.

सुरुवात बर्लिनपासून. १९३१ मध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नॉल यांनी पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवला. प्रकाशाच्या जागी इलेक्ट्रॉनांचा झोत, काचेच्या भिंगांच्या जागी चुंबकीय भिंगं. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी प्रकाशाच्या तुलनेत फारच लहान, त्यामुळे बारीक गोष्टी दिसण्याची शक्यता उघडली. या कामाचं नोबेल रुस्का यांना मिळालं ते १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी.

पण जीवशास्त्रासाठी या यंत्रात दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली, इलेक्ट्रॉनांना हवा चालत नाही. आतली हवा काढून निर्वात करावं लागतं, आणि निर्वातात ओली पेशी क्षणात वाळून जाते. दुसरी, ज्या इलेक्ट्रॉनांनी बघायचं तेच रेणू मोडतात. जितकं जास्त बघाल तितकं बघण्यासारखं कमी उरतं.

तरीही लोक थांबले नाहीत. लाडिस्लाउस मार्टन यांनी १९३४ मध्ये ब्रसेल्सला ड्रॉसेरा या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानाचं चित्र घेतलं. ते पान ऑस्मियम या जड धातूने माखून घेतलं होतं. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले कीथ पोर्टर आणि आल्बेर क्लोद यांनी अर्नेस्ट फुलम यांच्यासोबत कोंबडीच्या गर्भातली अख्खी पेशी पाहिली. पेशी कडेला पातळ पसरली होती आणि तिथे आत जाळीदार, लेससारखं काहीतरी दिसलं. पुढे त्यालाच एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम हे नाव मिळालं. त्यानंतर याच संस्थेतले जॉर्ज पालाडे यांनी १९५५ मध्ये पेशीद्रवातले छोटे छोटे दाट कण वर्णन केले. ते म्हणजे आपले रायबोसोम. क्लोद, पालाडे आणि क्रिस्तियां द द्यूव यांना १९७४ चं नोबेल मिळालं. शाळेच्या पुस्तकातलं पेशीचं जे चित्र आपण पाठ केलं, त्यातला बराचसा तपशील या पिढीच्या कामातून आला आहे.

पण ही चित्रं मिळायची कशी, तेही बघा. पेशी रसायनांनी मारायची, तिच्यातलं पाणी काढून टाकायचं, जागा राळेने भरायची, राळ घट्ट झाली की तिचे पातळ काप काढायचे आणि त्यांना जड धातूंचे रंग द्यायचे. म्हणजे चित्रात प्रथिनं फारशी दिसत नव्हती. त्यांना चिकटलेला धातू दिसत होता. मोठ्या रचना या सगळ्यातून तगायच्या. बारीक रचनांचा काही भरवसा नव्हता.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे मेसोसोम. १९५० च्या दशकापासून जिवाणूंच्या चित्रांत, पेशीच्या आवरणापासून आत गेलेली वेटोळी दिसू लागली. एका नव्हे, अनेक प्रयोगशाळांत दिसू लागली. त्यांना मेसोसोम हे नाव मिळालं. मग त्यांचं काम काय यावर विचार सुरू झाला. कुणी म्हणे श्वसन, कुणी म्हणे पेशीविभाजन. पाठ्यपुस्तकांत धडे आले. त्यांचं पुढे काय झालं, ते थोड्या वेळाने सांगतो.

आता दुसरा धागा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र म्हणजे सावली. दिव्यासमोर दोन्ही हात धरून भिंतीवर हरीण करता ना, तशी. सगळ्या थरांची सावली एकमेकांवर पडते. पुढचं कुठलं, मागचं कुठलं, कळत नाही. मग खोली कशी मिळवायची? उत्तर सोपं वाटतं: वस्तू फिरवा आणि वेगवेगळ्या कोनांतून सावल्या घ्या. सगळ्या सावल्यांवरून मूळ वस्तू परत उभी करता येते, हे व्हिएन्नाशी नातं असलेले गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं. पण ते शुद्ध गणित होतं, आणि बराच काळ ते गणितज्ञांच्या कपाटातच राहिलं.

१९६८ मध्ये केंब्रिजला डेव्हिड डी-रोझिये आणि ॲरन क्लूग यांनी टी-४ नावाच्या जिवाणूभक्षी विषाणूच्या शेपटाची त्रिमितीय रचना इलेक्ट्रॉन चित्रांवरून काढली. त्यांची युक्ती झकास होती. शेपूट मळसूत्रासारखं असतं, त्यामुळे एकाच चित्रात त्याच्या एककाची अनेक बाजूंनी दृश्यं मिळतात. क्लूग यांना १९८२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच काळात म्युनिकजवळ वाल्टर होप यांचा गट समरूपता नसलेल्या एकट्या रेणूंसाठी तिरपं करून फोटो घेण्याच्या मागे लागला होता.

आणि इथे एक भारतीय नाव येतं. जी. एन. रामचंद्रन. कोलॅजेनची तिहेरी वेणी आणि १९६३ चा रामचंद्रन आलेख यांमुळे ते आपल्याला ठाऊक असतात. १९७१ मध्ये त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता क्ष-किरण चित्रं आणि इलेक्ट्रॉन चित्रं यांच्यावरून त्रिमितीय रचना उभी करणं. हे दोन्ही शब्द निबंधाच्या शीर्षकातच आहेत. तोवर हे काम फूरिये गणिताच्या वळणाने व्हायचं: चित्राचं दुसऱ्या रूपात परिवर्तन करायचं, तिथे जोडाजोड करायची आणि परत यायचं. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी दाखवलं की प्रत्येक सावलीला आधी एका ठरावीक चाळणीतून काढायचं आणि मग ती आली त्याच दिशेने परत पसरवायची. सगळ्या सावल्या अशा पसरवल्या की वस्तू उभी राहते. त्या वेळच्या तोकड्या संगणकांसाठी हिशोब बराच हलका झाला. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ मध्ये अशीच वाट काढली होती, पण ती वेगळ्या गल्लीत. त्या चाळणीला आजही जगभर 'राम-लाक फिल्टर' म्हणतात.

गंमत म्हणजे त्याच १९७१ च्या १ ऑक्टोबरला लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. पुढे सीटी स्कॅनच्या यंत्रांनी याच जातीचं गणित उचललं. म्हणजे आज तालुक्याच्या गावी होणारा सीटी स्कॅन आणि पेशीच्या आतली टोमोग्राफी ही चुलत भावंडं आहेत.

पण सीटीमध्ये माणूस शाबूत राहतो. इथे रेणू राहत नव्हता. शंभर कोनांतून शंभर फोटो, म्हणजे शंभरपट मारा. होप यांच्या कामावर हाच मोठा आक्षेप होता: शेवटच्या फोटोपर्यंत तुमचा रेणू उरतो तरी का? याला सैद्धान्तिक उत्तर १९७६ मध्ये राइनर हेगेर्ल आणि होप यांनीच दिलं. एका सपाट चित्राला जेवढे इलेक्ट्रॉन लागतात, तेवढेच सगळ्या कोनांत वाटून दिले तरी त्रिमितीय चित्र तितक्याच खात्रीचं मिळतं. प्रत्येक फोटो अंधूक असेल, पण बेरीज उपयोगी पडेल. घरात दूध तेवढंच, माणसं जास्त, म्हणून प्रत्येकाला अर्धा कप चहा, असा काहीसा हिशोब. कागदावर वाट मोकळी झाली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी यंत्रं अजून तयार नव्हती.

आता पाण्याचा प्रश्न. पेशी वाळवायची नसेल तर गोठवायची. १९७४ मध्ये केनेथ टेलर आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी कॅलिफोर्नियात गोठवलेले प्रथिन-स्फटिक पाहून दाखवलं की थंडीत इलेक्ट्रॉनांचा मारा रेणू जास्त सोसतो. पण साधं पाणी गोठलं की त्याचे स्फटिक होतात. ते पेशीला आतून चिरडतात आणि चित्रही बिघडवतात.

यावर तोड काढली ती हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत झाक द्युबोशे आणि अलॅस्डेअर मॅकडॉवल यांनी, १९८१ मध्ये. पाणी इतक्या झपाट्याने थंड करायचं की रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळू नये. मग पाणी काचेसारखं घट्ट होतं, स्फटिकाविना. सरळ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून हे जमत नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा वाफेच्या गादीवर नाचतो, तसं नमुन्याभोवती नायट्रोजनची वाफ जमते आणि थंडी आत पोचत नाही. म्हणून नायट्रोजनने थंड केलेलं द्रव इथेन वापरायचं. नमुन्याचा थेंब जाळीवर घ्यायचा, टीपकागदाने टिपून पातळ पडदा ठेवायचा आणि क्षणात बुडवायचं. रंग नाही, धातू नाही, वाळवणं नाही.

आणि आता मेसोसोम. १९८३ मध्ये द्युबोशे आणि सहकाऱ्यांनी जिवाणू असेच काचेच्या बर्फात गोठवून पाहिले. मेसोसोम नव्हते. जी वेटोळी दोन-तीन दशकं पाहिली, मोजली, शिकवली, ती पेशीला रसायनांनी मारताना तयार होत होती. पाहणाऱ्यांत कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांची पद्धत एक होती, म्हणून सगळ्यांची चूकही एक होती. अनेक प्रयोगशाळांत तेच दिसलं म्हणजे ते आहेच, असं नसतं. ही पहिली ठेच.

बर्फ मिळाला, गणित होतं. मधला दुवा राहिला होता यंत्राचा. नमुना तिरपा केला की तो हलतो आणि चित्र सरकतं. परत शोधा, परत नीट करा. प्रत्येक शोधाशोधीत इलेक्ट्रॉन खर्च होतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला, माक्स प्लांक जैवरसायन संस्थेत, वोल्फगांग बाउमाइस्टर यांच्या गटाने हे काम संगणक आणि डिजिटल कॅमेऱ्याकडे सोपवलं. बारकावे जुळवायचे ते शेजारच्या जागेवर, आणि फोटो घ्यायचा तो मूळ जागेचा, म्हणजे मूळ जागेचा मारा वाचतो. २००२ मध्ये ओहाद मेडालिया आणि या गटाने डिक्टिओस्टेलियम या अमीबासदृश जिवाची पेशी अशी पाहिली. ॲक्टिनच्या तारांचं जाळं, पडदे, रायबोसोम, प्रोटिएसोम, सगळं जागच्या जागी.

चित्र मिळालं, पण ते गोंगाटाने भरलेलं. आठवडी बाजारात वरून फोटो काढावा, तोही धुक्यात, तसं. त्यात अमुक रेणू कुठे? मार्टिन्सरीडच्या लोकांनी २००० मध्ये सुचवलं: ज्याचा चेहरा आधीच माहीत आहे त्याचा साचा घ्या, तो संपूर्ण चित्रात प्रत्येक जागी, प्रत्येक कोनात फिरवून बघा, आणि कुठे सर्वांत छान बसतो ते टिपा. इथे स्फटिकवाल्यांचं काम मदतीला आलं. त्याच वर्षी रायबोसोमच्या भागांच्या रचना अणूच्या पातळीवर प्रसिद्ध झाल्या. त्यासाठी चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं. फोटो हातात आला आणि मग गर्दीत माणूस शोधता येऊ लागला.

पण इथे दुसरी ठेच दबा धरून होती. साचा घेऊन शोधलं की साचाच सापडू शकतो. हे दाखवणारा प्रसिद्ध प्रयोग असा: निव्वळ गोंगाटाची, म्हणजे आत काहीच नसलेली चित्रं घ्यायची, आइन्स्टाइनच्या फोटोशी ती जुळवायची आणि मग सरासरी काढायची. धुक्यातून चक्क आइन्स्टाइन उभे राहतात. रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये या धोक्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. म्हणून आता माहिती दोन भागांत वाटून दोन्हींचे निष्कर्ष वेगळे काढतात आणि मग ताडून पाहतात. साच्यात नसलेला तपशील चित्रातून बाहेर आला तरच खात्री धरतात. हेंडरसन, द्युबोशे आणि योआखिम फ्रांक यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक अडचण अजून होती. इलेक्ट्रॉन काहीशे नॅनोमीटरपेक्षा जाड थरातून नीट पार होत नाहीत, आणि आपल्या पेशी कित्येक हजार नॅनोमीटर जाड असतात. सुरीने काप काढले तर काचेचा बर्फ चुरगळतो. मग उपाय आला तो चिप बनवणाऱ्या कारखान्यांतून: आयनांच्या बारीक झोताने तासणं. २००७ मध्ये मायकेल मार्को आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोठलेला नमुना असा तासता येतो आणि बर्फ काचरूपच राहतो. वरून तासायचं, खालून तासायचं आणि मध्ये एक-दोनशे नॅनोमीटरची पापुद्र्यासारखी खिडकी ठेवायची. २०१६ मध्ये यूलिया महामिद आणि सहकाऱ्यांनी अशाच खिडकीतून मानवी हेला पेशीच्या केंद्रकाच्या काठाचं दृश्य मांडलं. बाउमाइस्टर यासाठी एक शब्द वापरतात: रेणूंचं समाजशास्त्र. कोण कुणाच्या शेजारी, कोण कामात, कोण रिकामं.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, २०१५ ची. प्रोटिएसोम हे पेशीतलं कचरा फोडणारं यंत्र. उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशींत ही यंत्रं एकेक करून मोजली गेली, आणि प्रत्येकाचा आकार पाहून ते चालू आहे की बंद, हेही ठरवलं. निष्कर्ष असा की कामात गुंतलेली साधारण २० टक्केच होती. बाकीची राखीव. बाहेर काढून शुद्ध केलेल्या प्रोटिएसोमवरून हे कळणं शक्य नव्हतं, कारण ते किती कामात होते हे पेशी फोडतानाच पुसलं जातं.

दुसरी, मेंदूच्या आजारांची. हंटिंग्टन आजारातल्या प्रथिनाचे गोळे पेशीत तयार होतात. एएलएस आणि स्मृतिभ्रंशाच्या एका आनुवंशिक प्रकारातही प्रथिनाचे गोळे होतात. लांबून दोन्ही सारखेच, गोळे. २०१७ मध्ये दिसलं की पहिल्यातले तंतू पेशीच्या आतल्या पडद्यांना रेटून वाकवतात. २०१८ मध्ये दिसलं की दुसऱ्यातल्या चपट्या, पिळलेल्या पट्ट्या प्रोटिएसोमना आपल्यात ओढून घेतात, आणि त्यांतले बरेच काम अर्धवट सोडून अडकल्यासारखे असतात. एकाच्या औषधाने दुसऱ्याला गुण येईल असं गृहीत धरता येत नाही, हे आता चित्रातच दिसतं.

तिसरी, आपण सगळे घरात बसलो होतो त्या २०२० मधली. कोरोना विषाणू पेशीच्या आत दुहेरी पडद्यांच्या पिशव्या बनवतो आणि आपल्या आरएनएच्या प्रती त्यांत लपून काढतो. कोडं असं होतं की पिशव्या बंद दिसायच्या. मग प्रती बाहेर येतात कुठून? नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने उंदरांच्या एका कोरोना विषाणूवर काम करून दोन्ही पडद्यांना भेदून जाणारं, सहा पाकळ्यांचं दार शोधून काढलं. सार्स-कोव्ह-२ च्या पेशींतही तसंच दिसलं. पेशी फोडून पिशव्या वेगळ्या काढायच्या तर असं दार हाती लागणं अवघड. ते जागच्या जागीच दिसलं.

२०२१ मध्ये तर एका छोट्या जिवाणूच्या आत, रायबोसोमला चिकटलेलं क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक ३.५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने पाहिलं गेलं. औषध आपल्या जागी बसलेलं, पेशी न फोडता.

म्हणजे सगळं सुटलं का? नाही. साचा घेऊन शोधता येतात ते मुख्यतः मोठे रेणू. बहुसंख्य प्रथिनं लहान असतात आणि गर्दीत हरवतात. नमुना साधारण ६० अंशांपेक्षा जास्त तिरपा होत नाही, त्यामुळे काही बाजू न दिसलेल्याच राहतात. आणि ती पापुद्र्यासारखी खिडकी म्हणजे पेशीचा अगदी छोटासा तुकडा. गल्ली पाहून शहराबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं.

आज प्रथिनाचा चेहरा संगणक त्याच्या क्रमावरूनच सांगतो. अल्फाफोल्ड बनवणाऱ्यांना त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. पण आजारी चेतापेशीत तेच प्रथिन नेमकं कुठे आहे, कुणाला धरून बसलंय, हे क्रमावरून कळत नाही. त्यासाठी अजूनही बर्फ लागतो, तासलेली खिडकी लागते, आणि अर्धशतकापूर्वी रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी मांडलेली, सावल्या गाळून परत पसरवायची ती रीत लागते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या परिसरात आज क्रायो सूक्ष्मदर्शकाची राष्ट्रीय सुविधा आहे. मुलांमध्ये कुणाला या वाटेने जायचं असेल तर जीवशास्त्राच्या जोडीला गणित सोडू नका, एवढंच सांगेन.

आज इथे थांबू.